डाव्या बाजूचे पोचे

नानांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हातातून गाडी सोडवायला एकच उपाय होता. ती मला हवी आहे असं खोटं सांगायचं. जळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान केलं होतं: समोरचं दिसेल, बाजूचं दिसणार नाही, गाडी चालवणं बंद. नानांनी मान डोलावली आणि सावद्याला घरापर्यंत गाडी स्वतःच चालवत आले. शेजारी बसलेल्या आईने वाटेत किती देव आठवले ते तिलाच माहीत.

विकायचं नाव काढलं असतं तर त्यांनी दोन दिवस ताटाला हात लावला नसता. पण लेकीने मागितलेलं त्यांनी कधी नाकारलं नाही, आणि या गुणाचा मी लहानपणापासून भरपूर गैरफायदा घेतला आहे. बंगळूरहून फोन केला, ऑफिसला जायचे फार हाल होतात, तुमची गाडी पाठवा. ऑफिसची बस माझ्या फाटकासमोर थांबते हे सांगायचं मी विसरले. गाडी जाईपर्यंत ती रस्त्यावर चालवायची नाही, असं वचनही घेतलं.

मग सुट्टी टाकून सावद्याला आले. गाड्या पोचवणाऱ्या कंपनीचा आठ-दहा गाड्या लादणारा लांबलचक ट्रक आमच्या गल्लीत शिरणं शक्य नव्हतं. तो धुळ्याच्या यार्डात उभा राहतो. आधी त्यांचा एक ड्रायव्हर येऊन गाडी तिथवर चालवत नेतो, ट्रक भरेपर्यंत ती तिथे थांबते, मग चाकांना पट्टे आवळून प्रवास सुरू. टाकीत डिझेल थोडंच ठेवायचं, टोलचं स्टिकर काढायचं, आत सामान ठेवायचं नाही. किल्ली एकच द्यायची. दुसरी किल्ली कुठे आहे म्हणून मी विचारलं, तर नाना म्हणाले, ती केळीच्या बागेत हरवून वर्षं झाली. हे सांगताना ते छताकडे पाहत होते.

ड्रायव्हर आला, शिरपूरकडचा, गोड बोलणारा. त्याच्याजवळ गाडीचं चित्र छापलेला फॉर्म होता. जिथे पोचा, तिथे फुली मारायची, म्हणजे पोचल्यावर भांडण नको. गाडीभोवती फिरून झाल्यावर त्याने फॉर्म सहीसाठी माझ्या हातात दिला. उजवी बाजू कोरी होती आणि डावीकडे फुल्याच फुल्या. नाना एकेका फुलीवर हरकत घेत होते. हा शेजाऱ्याचा ओटा पुढे आलेला आहे. हे केळीच्या ट्रॉलीने मारलं. दूध डेअरीचा खांब तर मुळातच चुकीच्या जागी रोवलाय. सगळं गावच त्यांच्या डाव्या अंगावर चालून येत होतं. मला हसू आवरेना, आणि आई आत निघून गेली.

आत ती भरीत परतत होती, कारण नानांचा नियमच होता. दिल्लीला आमची केळी भरून जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला त्यांनी आयुष्यभर घरी जेवू घातलं. पोट भरलेला माणूस ब्रेक हळू मारतो आणि केळीला डाग पडत नाही, हा त्यांचा सिद्धांत. तेव्हा या ड्रायव्हरलाही भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आग्रहाने वाढल्या गेल्या. हात धुताना तो म्हणाला, "नाना, आते तुमनी गाडी ती मनी गाडी शे." तुमची गाडी आता माझीच, असं म्हणतोय म्हणून नाना खूश झाले. तेवढ्यात त्याला विचारल्यावर कळलं की हा फक्त धुळ्यापर्यंत नेणार, पुढचा ड्रायव्हर वेगळाच. नानांचा चेहरा पडला. एवढं भरीत चुकीच्या पोटात गेलं होतं.

त्यांनी आईला आणखी पुऱ्या तळायला लावल्या, डबा भरला आणि सरळ गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. धुळ्याला साडूला भेटून बरेच दिवस झाले म्हणे. या साडूंचं तोंड पाहायला ते एरवी लग्नाच्या पत्रिकेशिवाय जात नसत. पण गाडी ड्रायव्हरच चालवणार होता, म्हणून मी जाऊ दिलं.

संध्याकाळी माझ्या फोनवर यार्डातून फोटो आले. गाडी लादली याचा पुरावा म्हणून ते पाठवतात. पहिल्या फोटोत दोन लोखंडी पट्ट्या जमिनीवरून ट्रकच्या वरच्या मजल्यापर्यंत गेलेल्या, जेमतेम चाकाएवढ्या रुंद. दुसऱ्यात त्यांच्या अर्ध्यावर आमची गाडी. आणि स्टिअरिंगमागे पांढरी टोपी.

मी लगेच नानांना फोन लावला, तर पलीकडे डबा संपवण्याचा आवाज. मी वचनाची आठवण करून दिली.

"रस्त्यावर चालवनार नही म्हटलं व्हतं," नाना शांतपणे म्हणाले. "तो काय रस्ता व्हता? अन् वर चढाले समोरचंच पाहनं पडते. ते दिसते मले."

दोन्ही ड्रायव्हर भरीत खाऊन फितूर झाले होते. मी चिडले होते, घाबरलेही होते, पण तो फोटो मी अजून पुसलेला नाही. चाकं पट्ट्यांच्या अगदी मधोमध आहेत.

मी बंगळूरला परतले, आणि आठवडाभराने गाडी आली. गाडी सोडायला आलेला माणूस फॉर्म पाहून गोंधळला होता. कागदावर किल्ली एक लिहिली होती आणि त्याच्या हातात दोन होत्या. दुसरीला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सुकल्या सालीची, वळलेली दोरी बांधलेली होती, रोज खिशात राहून काळी पडलेली. ती नानांनी धुळ्याला, गाडीतून उतरल्यावर दिली असणार. मी त्या माणसासमोरच रडले. त्याला वाटलं नवा पोचा सापडला.

रात्री मी नानांना फोन केला. गाडी छान पोचली, उद्यापासून ऑफिसला नेते, एवढंच सांगितलं.

"तुले गाडी नको व्हती," ते म्हणाले, "ते मले पयल्याच दिवशी समजलं व्हतं. आता आलीच आहे तं चालव. फक्त डाव्या बाजूले पाहत जाय. मले तिकडचं दिसत नव्हतं."