सॅमसनच्या उजव्या हाताची जागा

“वीस इंच,” मी म्हणालो. “फार तर एकवीस.”

डॅनियलसाहेबांनी माझ्या हातातली टेप घेतली आणि स्वतः मोजून पाहिलं. ते त्या ज्यू कब्रस्तानाच्या कमिटीचे सेक्रेटरी. आयुष्य बँकेत गेलेलं, त्यामुळे दुसऱ्याच्या मोजणीवर विश्वास ठेवायची सवय नाही. त्यांनाही वीसच इंच आले.

“वाट लागली,” ते म्हणाले. “आता रिबकामावशीला कोण सांगणार?”

मी सर्व्हेअर आहे. लोकांच्या जमिनी मोजतो आणि बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या शिव्या खातो. उपनगरातल्या त्या कब्रस्तानात जागा संपत आली होती. कुठली कबर कुठे आहे ते दाखवणारा नवा लेआउट कमिटीला हवा होता. मी चार दिवस टोटल स्टेशन लावलं. म्हणजे तीन पायांवर उभं राहणारं, दुर्बीण असलेलं यंत्र. अंतर आणि कोन दोन्ही मोजतं. काम सुरळीत चाललं होतं, ते एका कबरीपाशी अडलं.

कबर सॅमसन नावाच्या गृहस्थांची, बावीस वर्षांपूर्वीची. रजिस्टरमध्ये नोंद होती: उजव्या हाताची जागा पत्नी रिबकासाठी राखीव. आणि उजवीकडे वीस इंचांवर दुसऱ्या घराण्याचा सिमेंटचा ओटा! माणसाला निदान अडीच फूट लागतात. मी लेआउटवर लिहून टाकलं, ‘जागा अपुरी’.

मावशींचा मुलगा इस्रायलला. तो कित्येक वर्षं बोलावत होता आणि मावशी एकच उत्तर देत होत्या, तुझे पप्पा इथे आहेत. आता डॅनियलसाहेबांनी फोनवर जागा नसल्याचं सांगितलं, तेव्हा त्या मुलाकडे जायला तयार झाल्या. मुलाने आठवड्याभरात तिकीट पाठवलं.

राखीव जागा सोडल्याच्या कागदावर त्यांची सही हवी होती. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडत नव्हत्या. माझी दुसरी साइट कांदिवलीला, त्यांच्या सोसायटीपासून जवळच, म्हणून कागद माझ्या गळ्यात पडला.

दार त्यांनीच उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, ठेंगण्या, काठीवर भार टाकून उभ्या. आतली अर्धी भांडी गोणपाटात बांधलेली.

“सावंत ना? बसा. तुम्हीच मोजलंत?”

“हो मावशी.”

“गाव कुठलं?”

“मालवण.”

“आम्ही अलिबागकडचे. म्हणजे समुद्र एकच ना!” त्या हसल्या आणि चष्मा शोधायला लागल्या. मी कागद काढला. मला तिथून लवकर निघायचं होतं, खोटं कशाला सांगू.

“एक विचारू का मावशी?” तरी तोंडातून निघालंच. “इस्रायल म्हणजे तुमची पवित्र भूमी. तिथली जागा तर जास्त चांगली.”

“चांगलीच आहे. तिथली माती आणून ठेवलीय मी, पुडीत. गेलेल्याच्या डोळ्यांवर घालतात आमच्यात. पण सॅमसन तिथे नाही ना!” त्या खुर्चीत टेकल्या. “आमच्यात सांगतात, मूल आईच्या पोटात आकार घेण्याच्या चाळीस दिवस आधी वर पुकारा होतो, अमक्याची मुलगी अमक्याला. आत्मा एकच असतो, त्याचे दोन भाग करून खाली पाठवतात. लग्नात ते जुळतात. मरणाने तुटतात, पण कायमचे नाही. पुन्हा भेटतात.”

“आणि ते लांब असले तर?”

“देवाला काय, तो कुठूनही गोळा करेल. मलाच धीर नाही. त्याचे पाय पश्चिमेला आहेत, जेरुसलेमकडे. शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठतील, तेव्हा त्याचं तोंड तिकडे असेल. बाजूला बघेल आणि मी नसेन. मला हे सहन होत नाही रे.”

त्यांनी पेन हातात घेतलं.

“लग्नाच्या मांडवाखाली नवरी नवऱ्याच्या उजव्या हाताला उभी राहते. तशीच मला निजायचं होतं. ती नोंद मीच हट्टाने लिहून घेतलेली, त्याच्या उजव्या हाताला म्हणून.”

त्या सही करणार तेवढ्यात मी कागद ओढून घेतला. अक्षरशः ओढला. पेनाची रेघ कागदभर गेली.

नदीचा डावा काठ कुठला, हे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरवायचं असतं. काठावर उभ्या माणसाचा डावा हात त्यात धरायचा नाही. पंचवीस वर्षं हे मी ट्रेनींना शिकवत आलो. आणि कब्रस्तानात मी काय केलं? पाटी डोक्याशी, पूर्वेला. मी पायाशी उभा राहून ती वाचली आणि माझा उजवा हात धरला. पाठीवर निजलेल्या सॅमसनचा उजवा हात बरोबर उलट बाजूला, उत्तरेला! कमिटीतल्या कुणालाही ते सुचलं नव्हतं, पण मोजायचे पैसे मी घेतले होते.

“मावशी, माझी चूक झाली. दोन दिवस द्या.”

उत्तरेला माझ्या लेआउटवर ‘वाट’ लिहिलेलं होतं. भिंतीपर्यंत जाऊन संपणारी मातीची वाट. रिकामी जागा दिसली म्हणून बावीस वर्षं लोक तिथून चालत होते, एवढंच. तिची रुंदी तीन फूट दोन इंच भरली.

“अहो, पण लोक जाणार कुठून?” डॅनियलसाहेब म्हणाले.

“चार पावलं वळसा घालतील.”

“लेआउट पुन्हा काढावा लागेल.”

“काढतो. फुकट.”

तिकीट रद्द झालं. मुलगा माझ्यावर भडकला, आणि त्याचंही चूक नव्हतं. त्यालाही आई हवीच होती.

मी सांगायला गेलो तेव्हा मावशींनी माझे दोन्ही हात धरले. मग एकदम विचारलं, “तुझी मिसेस?”

“तीन वर्षं झाली. अस्थी नाशिकला सोडल्या.”

“मग तू कुठे जाऊन बसतोस?”

मी हात सोडवून घेतले आणि गोणपाटातली भांडी सोडवायला बसलो.

दीड वर्षाने मावशी गेल्या. त्याच दुपारी दफन झालं. मी डोक्यावर रुमाल बांधून मागे उभा होतो. पांढऱ्या कापडात त्यांना खाली उतरवलं, पाय पश्चिमेला. डोळ्यांवर पुडीतली माती घातली. सगळ्यांबरोबर मीही तीन मुठी टाकल्या. मधलं अंतर मी मनात मोजलं. चौदा इंच.

तेव्हापासून रिपोर्टमध्ये डावं-उजवं लिहिताना कोणाचं ते आधी लिहितो. ज्युनिअर हसतात, हसू देत. माझी बायको माझ्या डाव्या हाताला झोपायची, भिंतीकडे. ती बाजू मी अजून रिकामी ठेवतो.