श्वास मोजणाऱ्या वनिता सिस्टर

वनिता सिस्टर झोपलेल्या माणसाचे श्वास मोजत. एसटीत शेजारची बाई पेंगली की यांची नजर आधी तिच्या छातीवर जाई, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळावर. एकदा मीटिंगमध्ये आमचे डॉक्टर डुलक्या घेत होते, तर मला हळूच म्हणाल्या, "सोळा. चांगले हायेत." तेव्हा मी हसलो होतो. आता सिस्टर नाहीत, आणि एसटीत मी मोजत बसतो.

आंधळगावहून थोडं आत आमचं आरोग्य केंद्र. त्या नर्स, मी औषधनिर्माता. म्हणजे औषधांच्या कपाटाचा मालक, निदान माझी समजूत तशी होती. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन तोंडाचा कॅन्सर झालेली माणसं आमच्या भागात पुष्कळ. नागपूरचे उपचार संपले की माणूस मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन घरी येतो. सिस्टर अशा घरी जाऊन बसायच्या. "मरण आपल्या हाती नाही भाऊ, पण कण्हणं तं थांबवता येते ना," म्हणायच्या. गोळ्यांच्या वेळा सांगून झाल्या की घरातल्या बायकांना श्वास मोजायला शिकवायच्या. "मिनिटाले आठच्या खाली गेले का मले फोन करा. मी जेवून राहिली असन तरी करा."

गोळी जास्त झाली तर श्वास मंदावत जातो. तो परत आणणारं एक इंजेक्शन असतं. सिस्टरांनी वर्षभर पत्रं लिहून लिहून ते केंद्रात आणवलं. आली फक्त चार. त्यातलं एक माझ्या पिशवीत राहू द्या, म्हणाल्या. पण मी पडलो नियमाचा माणूस. क्वचित लागणारी वस्तू, फुटली किंवा हरवली तर सही माझी. मी चारही कपाटात ठेवून कुलूप घातलं. "कपाट काही बिमार पडत नाही भाऊ," त्या म्हणाल्या. मला ते बोलणं आगाऊपणाचं वाटलं.

मग तो रविवार आला. गावातल्या नामदेव बुड्याला थोरल्या सुनेने सकाळची गोळी दिली आणि ती उन्हाळी धानाच्या रोवणीला निघून गेली. धाकटीला वाटलं, गोळी द्यायची राहिलीच. तिने दिली. कण्हणं थांबेना, म्हणून जरा वेळाने आणखी एक दिली. मग म्हातारा झोपला. कित्येक आठवड्यांत तो असा झोपला नव्हता. घर सुखावलं. टीव्ही बंद केला, अंगणातल्या कोंबड्या हाकलल्या, शेजाऱ्यांनाही हळू बोलायला सांगितलं. इतकी राखण केली त्या झोपेची, पण मोजायचं कुणाच्या मनात आलं नाही. आराम पडला, असंच सगळ्यांना वाटलं.

दुपारी सिस्टर सहज डोकावल्या. मिनिटाला चार श्वास. त्यांनी बुड्याच्या मुलाला मोटरसायकलवर केंद्राकडे पिटाळलं. तिथे आमचा शिपाई देवाजी कपाटासमोर उभा, आणि मी किल्ली खिशात घालून कारध्याला एका लग्नात जेवत होतो. देवाजीचा फोन आला. "साहेब, सिस्टर म्हणते कुलूप फोड. फोडू का?"

मी म्हणालो, "फोडू नको. सरकारी कपाट आहे. मी निघालोच."

मला पोचायला तास लागला. तेवढा वेळ सिस्टर त्या सडलेल्या तोंडावर रुमाल टाकून त्यात आपला श्वास भरत होत्या. मी इंजेक्शन घेऊन दारात आलो तेव्हा त्या जमिनीवर बसल्या होत्या. ओठांना रक्त लागलेलं होतं. बुडा गेला होता. दोघी सुना भिंतीला टेकून रडत होत्या. "आमीच मारलं का वो सिस्टर?" धाकटीने विचारलं.

"नाही बाई. तुमी त्याले झोपवलं. उठवाचं औषध कुलपात होतं."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढची दोन वर्षं त्या तालुक्याला खेटे घालत राहिल्या. शेवटी प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर एकेक लाल डबा लागला, बिनकुलपाचा, आत ते इंजेक्शन. कोणत्या गावात मॉर्फिनवरचा माणूस आहे ते आशाताईंना माहीत, सुई कशी टोचायची तेही माहीत. मी मुकाट्याने सह्या करत गेलो. एकदा लांबच्या एका गावातून त्यांचा फोन आला. "दोन होते भाऊ, आता बारा झाले. बाई चहा मागून राहिली." मी फोन ठेवला आणि औषधांच्या खोलीत जाऊन रडलो. ती बाई वाचली याचा आनंद होता, पण रडत होतो मी बुड्यासाठी.

त्या रविवारबद्दल त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "सिस्टर, कुलूप फोडलं असतं तर तो वाचला असता का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "दुसऱ्याच दिवशी मी गाडीनं जाऊन पाह्यलं भाऊ. केंद्रापासून बुड्याच्या घरापर्यंत सहा मिनिटं लागतात." गळ्यातला हार उतरवला. "मी तासभर त्याचा जीव धरून होती. तुमाले सांगणार नव्हती. तुमीच इचारलं."

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या, झोपेतच. मोजायला जवळ कुणी नव्हतं.

आमच्या कपाटाला आता कुलूप नसतं. जुनं कुलूप माझ्या टेबलाच्या खणात आहे. अगदी धड आहे. त्यावर एक ओरखडासुद्धा नाही.