कोणत्या देवाचा नवस?

मैत्रिणींनो, आज पैठणला धाकट्या जावेच्या बाळाचं बारसं झालं. सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "नवसाचं लेकरू हाय बाई, नजर नका लावू!"

खरं तर संभाजीनगरला, क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात आयव्हीएफचे उपचार झाले. इंजेक्शन घेताना जावेचा हात मीच धरायचे. "ताई, कुणाला सांगू नका," एवढंच तिचं मागणं.

पाळण्यापाशी शेजारची सुनीता हळूच म्हणाली, "वहिनी, कोणत्या देवाला नवस बोलला होता? सांगा ना, मी अनवाणी जाते." तिच्या लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही.

मी तिच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या आणि पुढच्या बाईकडे वळले.

जावेला दिलेला शब्द पाळला, की सुनीताची वाट अडवली? मला कळत नाही. तुम्ही काय केलं असतं?

उद्या ती खरंच अनवाणी निघाली तर?