लिंपलेली भेग

चराच्या काठावर पडलेली भेग मी चिखलानं लिंपून टाकली.

असं कोण करतं? जन्मभर धानाच्या बांधीत राबलेला माणूस करतो. बांधीचं पाणी कडेच्या धुऱ्यातून झिरपायला लागलं, की ओंजळभर चिखल घ्यायचा, थापायचा, टाचेनं दाबायचा आणि पुढं निघायचं. अड्याळकडच्या त्या कामावर मी पाइपलाइनचा मुकादम होतो, पण टाच बांधीतलीच होती.

नाल्याजवळ पाइप खोल न्यायचा होता, म्हणून तिथं माणूस बुडेल इतका खोल चर खणला होता. दोन्ही बाजू सरळसोट. शेजारीच उन्हाळी धानाची बांधी, पाण्यानं भरलेली. माती काठापासून लांब टाका, बाजूंना उतार द्या, असं कामावरच्या इंजिनिअर साहेबांनी बजावलं होतं. मी 'हो साहेब' म्हणालो होतो. ते मी छान म्हणतो. माती मात्र काठावरच टाकू दिली. पाइप बसला की तीच परत लोटायची, तर लांब कशाला न्यायची?

सकाळी त्या ढिगामागं, चराच्या बाजूबाजूनं गेलेली बोटभर रुंद भेग दिसली. मी ती लिंपली, हात धुतले आणि माझ्या साळ्याला खाली उतरवलं. बायकोच्या शब्दाखातर मीच त्याला कामावर लावलं होतं.

"भाऊजी, झकास लिंपलं," तो शिडी उतरता उतरता म्हणाला. "आता चुना बी मारून द्या."

जेवणाच्या सुट्टीआधी मी पुन्हा तिकडं गेलो. खरं सांगायचं तर आपलीच कारागिरी न्याहाळायला. चिखल अजून ओला होता, चमकत होता, आणि त्याच्या मधोमध एक बारीक रेघ उमटली होती. बघता बघता ती रुंदावली. ओला चिखल वाळून तडकत नाही. म्हणजे रेघेपलीकडची जमीनच, ढिगासकट, निघाली होती.

मी वळसा घालून समोरच्या काठावर शिडीपाशी धावलो.

"वर ये."

"एवढा जोड बसवून येतो."

"सोड तो. वर ये."

"काहून? साहेब आले का?"

"हो, आले," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

साळ्यानं पाइपावर काढून ठेवलेलं हेल्मेट घाईघाईनं डोक्यावर चढवलं आणि भराभर वर आला. इकडं तिकडं पाहिलं.

"कुठी आहेत साहेब?"

मी त्याचा दंड धरून मागं ओढला. आधी चार ढेकळं पाइपावर टपटपली. मग समोरचा काठ पडला नाही, बसला. म्हैस बसते तसा. सावकाश वाटावा, पण पापणी लवायच्या आत. ढीग, गवत, माझा चिखल, सगळं उभंच्या उभं खाली गेलं. आवाज फारसा झाला नाही, पायाखालून एक धक्का तेवढा आला. चर होता तिथं चर उरला नव्हता. शिडीचं टोक मातीतून डोकावत होतं आणि फुटलेल्या बांधीचं पाणी त्या मातीवर शांतपणे पसरत होतं.

याच मातीत मी लहानपणापासून अनवाणी रोवणी केली होती. बोटांमधून लोण्यासारखी निसटणारी माती. एका घमेल्यानं मान वाकते हे ठाऊक होतं. त्या काठात अशी किती घमेली उभी असतील, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. साळ्यानं हेल्मेट काढलं, फिरवून पाहिलं आणि पुन्हा घातलं.

दुपारी साहेब खरंच आले. त्यांनी बांधीचं पाणी वळवलं, माती पोकलेननं दूर टाकायला लावली, बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरत्या करून घेतल्या. नाल्याकडं जागा नव्हती तिथं फळ्या आणि आडवे टेकू लावले. मगच माणूस खाली उतरू दिला. ती माती उचलताना पोकलेन गुरगुरत होतं. मी बघतच राहिलो. जिथं यंत्राला धाप लागत होती, तिथं साळ्याच्या बरगड्या असणार होत्या.

संध्याकाळी साळा आमच्याकडं जेवायला आला आणि त्यानं सगळं बहिणीला हातवारे करून सांगितलं. लिंपण्यासकट. तिनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. मग ती माझ्याकडं वळली.

"चुलीमागची भिंत लिंपा म्हटलं तं दोन वर्स झाले तुमची कंबर दुखते. अन् माह्या भावावर पडाची होती, ते बरी लिंपली."