हिरव्या ठिपक्याची चोरी

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी एकवीस वर्षं नोंदी सांभाळल्या. कोणत्या मादी वाणाला कोणता नर लावायचा, त्या जोड्यांच्या नोंदी. बियाण्याच्या धंद्यात खरं गुपित तेवढंच. आधी ते एका जाड वहीत होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. पुढं वही कॉम्प्युटरात गेली, तर पासवर्ड माझ्या डोक्यात. बावन्न वर्षांची ती बाई, म्हणजे मीच, ऑफिसात अशी चालायची जणू जिल्ह्यातला सगळा कापूस तिला विचारून फुटतो.

मंग ती पोरगी आली. भोकरदनहून रोज एसटीनं ये-जा करायची, केसांना चापूनचोपून तेल, वय माझ्या धाकट्या लेकाएवढं. पहिल्याच दिवशी साहेबांनी तिला बशीसकट कपात चहा मागवला. मला एकवीस वर्षं काचेचा ग्लास. तो कप अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे, कडेला सोनेरी रेघ होती त्याच्या.

तिचं काम काय, तर म्हणे नोंदींची राखण. आठ दिवसांत तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, की नुसता पासवर्ड बघून भागत नाही. नोंदी कोणत्या मशीनवरून उघडल्या जातात, तेही बघावं लागतं. तिनं मशीनच्या तीन जाती पाडल्या. ऑफिसातले कॉम्प्युटर पहिल्या जातीत, त्यांना सगळं दिसणार. सुपरवायझर लोकांचे नोंदवलेले फोन दुसऱ्या, त्यांना फक्त आपापल्या शेतापुरतं आणि त्या दिवसापुरतं. बाकी जगातलं जे काही असेल ते तिसऱ्या जातीत, त्याला काहीच नाही. ऑफिसात कुणाचं घोटाळू नये म्हणून तिनं मशीनवर ठिपके चिकटवले: हिरवा, पिवळा, लाल.

माझ्या घरी लेकाचा जुना लॅपटॉप होता. रविवारी मी त्याच्यावर नोंदी बघत बसायची. काम नसायचं काही; शेजारणींना दिसावं, की हिला सुट्टी मिळत नाही. तर तो लॅपटॉप तिसऱ्या जातीत गेला.

"काकू, तुमच्यावर अविश्वास न्हाई," ती म्हणाली. "त्या मशीनवर तुमचा लेक पिक्चर उतरवतो, नातेवाईक येऊन काय काय घालतात. त्याच्यात काय शिरलंय, तुम्हाला तरी माहिताय का?"

"माझ्या घरच्या वस्तूला नावं ठेवून राह्यली का गं तू?"

"नावं न्हाई काकू, ठिपका ठेवून राह्यले."

सगळे हसले. साहेबसुद्धा. मला इतका राग आला, की दुपारी मी डब्यातला ठेचा कुणाला दिला नाही. त्या काळात माझा सूड तेवढ्याच उंचीचा असायचा.

खंडेनवमीला ऑफिसात मशीनची पूजा असते आणि ती दरसाल मीच करायची. हळद-कुंकू, झेंडू, नारळ. त्या वर्षी मी घरून लॅपटॉपही पूजेला नेला. सगळे आरतीला टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी कोपऱ्यातल्या बंद कॉम्प्युटरचा हिरवा ठिपका नखानं उचकटला आणि माझ्या लॅपटॉपला लावला. वरून कुंकवाचं मोठं बोट ओढलं, म्हणजे कुणाला ओळखू येणार नाही. हसा, हसा. मला खरंच वाटलं होतं, की मशीनची जात त्या ठिपक्यात असते.

संध्याकाळी घरी बसून नोंदी उघडायला गेले. उघडेनात. ठिपका ओला झाला असेल म्हणून पदरानं पुसला. पुन्हा केलं. अकरा वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. पण तीर्थपुरीकडच्या आमच्या चाचणीच्या प्लॉटात उशिरा पेरलेल्या कपाशीचं क्रॉसिंग चालू होतं, आणि फुलाला सण कळत नाही. आदल्या दुपारी बायका मादीच्या कळ्या सोलून ठेवतात, सकाळी नराचं फूल त्यांच्यावर घासतात. ऊन चढलं की फूल कामातून गेलं. त्या प्लॉटात ओळीगणिक जोडी वेगळी. सुपरवायझर फोनवर बघून सांगणार, मंगच बायकांचा हात चालणार.

सकाळीच साहेबांनी मला आणि त्या पोरीला ऑफिसात बोलावलं. तोंड उतरलेलं.

"काकू, काल कुणीतरी तुमच्या नावानं बाहेरून अकरा वेळा शिरायला बघितलं. तुम्ही होत्या का?"

तिथं "हो" म्हणायचं होतं फक्त. पण ती शेजारीच उभी होती, नवी साडी नेसून, हातात फाईल.

"मी? न्हाई बा! मी तर पुरणाला बसल्ते."

"म्हणजे पासवर्ड चोरीला गेला," साहेब म्हणाले. "ऑफिस सोडून सगळं बंद करा. फोनसुद्धा."

"साहेब, फोन कशाला?" ती म्हणाली. "ते ओळखीचे हायेत. म्हणून तर वेगळे काढले."

"बिलकुल न्हाई. आधी चोर सापडू द्या."

दहा मिनिटांत तीर्थपुरीहून फोन. साहेबांनी स्पीकरवर लावला. "साहेब, काही दिसंना! चाळीस बाया ओळीत उभ्या हायेत. कोणाला कोणतं फूल देऊ? अंदाजानं देऊ का?"

"अंदाजानं हात लावू नको!" साहेब ओरडले.

खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. एवढ्या ओळींच्या जोड्या ऑफिसातून फोनवर एकेक वाचून दाखवायच्या, तर दुपार झाली असती. एक फूल चुकलं तर त्या ओळीचं वर्ष गेलं, हे त्या खोलीत माझ्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं; त्यातल्या निम्म्या जोड्या मीच वहीत उतरवल्या होत्या. आणि तरी माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की आता खापर हिच्या ठिपक्यांवर फुटेल. तेवढ्या पाच मिनिटांत मला किती बरं वाटलं, हे सांगायला आज लाज वाटते, पण वाटलं होतं खरं.

पलीकडून बायकांचा आवाज यायला लागला. कुणीतरी म्हणत होती, "भाऊ, जल्दी सांगा ना, फुलं मान टाकून राह्यली."

"मीच होते," मी म्हटलं.

साहेबांना ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं फार जड गेलं. लॅपटॉप, ठिपका, कुंकू, सगळं सांगितलं. पोरगी खुर्ची ओढून बसली, फोन चालू केले, आणि पलीकडून "दिसलं, दिसलं!" आल्यावरच तिनं पाठ टेकली. साहेब माझ्याकडं बघून नुसते "काकू..." म्हणाले आणि बाहेर गेले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

मला वाटलं, एवढं खरं बोलले, तर आता तरी ही माझा लॅपटॉप घेईल वरच्या जातीत. तसं विचारलंसुद्धा! काय मी तरी बाई!

"न्हाई काकू," ती म्हणाली. "खरं बोलल्यानं मशीन बदलत न्हाई." आणि मंग वही उघडून माझ्याकडं वळली. "पण हे सांगा, सुपरवायझरांचे फोन खरंच त्यांच्याजवळच असतात का?"

हे मात्र मला विचारावं! कुणाचा फोन बायको माहेरी नेते, कुणाचा भाऊ बाजारच्या दिवशी मागून नेतो, कुणी सिम काढून दुसऱ्यात घालतो, सगळं मला तोंडपाठ. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. चार फोन त्याच दिवशी दुसऱ्या जातीतून बाहेर गेले. साहेबांनी यादी बघितली आणि तिची तारीफ केली. यादी तिच्या अक्षरात होती ना.

आता मी रिटायर होऊन बसलेय, नातवंडं आहेत. ती पोरगी मोठी साहेबीण झाली म्हणे. कुणी सांगायला आलं की मी म्हणते, "हो, हुशारच होती." एवढं म्हणते, आणि लगेच विचारते, "चहा घेणार का?"