मथुराबाईनं न सोडलेला दिवा

जळकोटात आता पेव वापरणारी मथुराबाई एकटीच. बाकीच्यांनी कधीच पत्र्याच्या कोठ्या आणल्या. अंगणात खोल खणलेलं, तोंड लहान अन् पोट मोठं असलेलं ते पेव. त्यातल्या ज्वारीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही, असं तिचं म्हणणं. "कोठीतल्या भाकरीला पत्र्याचा वास येतो गं," म्हणायची. कुणी हसलं तर त्याला भाकर वाढायची नाही.

पेवाचा कायदा एकच. झाकण काढलं की दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं पेटता दिवा आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसानं उतरायचं, विझला तर नाही. आत कोंडलेली हवा नातंगोतं बघत नाही.

गेल्या पौषात लेकीच्या सासरची माणसं जेवायला यायची होती अन् डब्यात पीठ नव्हतं. अकराला लाईट गेली की गिरणी बंद. मथुराबाईनं सकाळीच झाकण सरकवलं अन् चुलत दिराला, बिभीषणला, हाक मारली. ती लग्न होऊन आली तेव्हा बिभीषण सात वर्षांचा होता. त्याचं शेंबडं नाक तिनंच पदरानं पुसलेलं.

"वैनी, दिवा सोडला व्हता का?"

"सोडला की. चांगला जळला. उतर आता, का कडेवर घेऊन उतरवू?"

तो हसला अन् उतरला. दोनदा खोकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

हवालदारानं विचारलं तेव्हा मथुराबाईच्या तोंडून निघालं, "मी थांब म्हणत होते. त्यानं ऐकलं न्हाय. घाईच लई त्याला." असं बोल म्हणून कुणी शिकवलं नव्हतं. जीभ पुढं पळाली अन् मथुराबाई तिच्या मागं.

गावानं तेच उचललं. पारावर बिभीषणची घाई दहा तोंडांनी सांगितली जाऊ लागली. त्याची लेक निकिता दहावीला, तीसुद्धा मैत्रिणीला म्हणाली, "आमच्या पप्पांनाच अक्कल नव्हती." हे मथुराबाईनं आपल्या कानानं ऐकलं.

चूक म्हणावी, तर चूक कालवणात मीठ विसरण्याला म्हणतात. शेजारची सायराबी एकदा सहज बोलून गेली होती, "कसूर माफ व्हतो मथुरा, गुन्ह्याला सजा असते." सजा तरी द्यावी कुणी? जो तो तिलाच धीर द्यायला यायचा. "तुमचा काय दोष, मथुराबाई?" म्हणायचा अन् चहा पिऊन जायचा. दोष मेलेल्याच्या नावावर पडून होता, अन् त्याला काही उठून सांगता येत नव्हतं.

पाच महिन्यांनी ती दैवशालाच्या, बिभीषणच्या बायकोच्या, दारात जाऊन उभी राहिली. दैवशाला सुपात डाळ निवडत होती.

"दैवशाला, दिवा म्या सोडलाच न्हवता. त्यानं विचारलं, म्या खोटं सांगितलं. न्हायतर तो थांबला असता."

सुपातला हात थांबला.

"इचारलं व्हतं त्यांनी?"

"व्हय."

"काय म्हणले नेमकं?"

मथुराबाईनं शब्दाला शब्द सांगितलं. तो हसला, तेही सांगितलं.

दैवशालानं डाळीतला एक खडा उचलून बाहेर टाकला. "पाच महिने, आक्का, म्या त्यांच्या फोटूला शिव्या देते. लेकराचा इचार न करता उतरले म्हणून. तेराव्यालासुदिक रडले न्हाय. बायका म्हणल्या, दगड हाय ही."

"मग मला दे शिव्या. चपलेनं हाण. पोलिसात चल, आत्ता येते मी."

"शिव्या सरल्या, आक्का. सगळ्या त्यांनाच दिल्या." तिनं सूप बाजूला ठेवलं. आवाज चढला नाही. "आता मला रडायचंय. तुम्ही जावा."

मथुराबाई उंबऱ्याबाहेर आली अन् आतून कडी लागली. मग रडणं आलं, पाच महिन्यांचं एकदम. अशा वेळी धाकटीला पोटाशी धरायचं ते थोरल्या जावेनं. मथुराबाईनं दारावर हात टेकला, पण वाजवायला तो उचलेना. घरी जायलाही पाय निघेना. भर उन्हात ती पायरीवर बसून राहिली, अन् आतलं रडणं काही थांबेना.