एकशे नव्याण्णवची घागर

मानसिंगसारखा हुशार माणूस अख्ख्या सोलापुरात न्हाई. हे मला खुद्द मानसिंगनंच सांगितलंय, निदान पन्नास वेळा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो तपासणीला हाय. टॉवेल नुसता हातावर तोलला की किती ग्रॅमचा ते सांगतो. पण 'कोणतीही वस्तू एकशे नव्याण्णव' असली पाटी दिसली की ह्याची अक्कल बाहेर सायकलसंगं कुलपात!

घरात काय न्हाई त्याच्या? दोन दिवसांत टक्कल पडलेला झाडू, गरम पाण्यानं वाकडा झालेला जग, झाकण न बसणारे सहा डबे. "इसूफभाई, बाजारात ह्याचे पाचशे घेतात की!" घेतात बाबा, पण बाजारातला डबा मिटतो तरी.

माझं काम भांड्यांवर नावं घालायचं, अजून छन्नी-हातोडीनंच. परवा पठ्ठ्या स्टीलची घागर घेऊन हजर. भाचीचं, अंकिताचं लग्न. पोरीला बाप न्हाई. मानसिंगच्या बहिणीनं, सोनाबाईनं, विड्या वळून वाढवलीय तिला. सासरची माणसं तालेवार, मामा काय देतो ते बघायला टपलेली. त्यांच्या घरची रीत अशी, की मामानं घागर पाण्यानं भरून बहिणीच्या हातात द्यायची, मग तिनं विहिणीला.

घागर उचलली आणि या अल्ला, हातात काही हाय का न्हाई तेच कळंना!

"मानसिंग, पत्रा लई पातळ हाय. नाव राहू दे."

"वा! नाव नसलं तर कळणार कसं कुणी दिली ते? घाला की तुमी!"

आणि मजकूर केवढा! 'मामा मानसिंग यांजकडून चि. अंकितास सप्रेम भेट', खाली तारीख. जमेल तेवढ्या हलक्या हातानं घातलं. तारखेपाशी छन्नी आरपार गेली.

"दुसरी आण, चांगल्या दुकानातनं," मी म्हटलं. "नाव फुकट घालतो."

"एवढ्याशा भोकाला काय हुतंय? मेण लावा."

जनाची न्हाई तर मनाची तरी! मेण लावलं आणि दहादा बजावलं, पाणी भरू नको, गहू भर.

लग्नाला मला बोलावणं होतं. मानसिंगनं भर मांडवात घागर काठोकाठ पाण्यानं भरली. रीत मोडली तर लोक नावं ठेवतील ना! सोनाबाईच्या हातात दिली न दिली तोच मेण सुटलं. धार तिच्या मनगटावर आली. तिनं खाली बघितलं, भावाकडं बघितलं आणि भोकावर तळहात गच्च दाबला.

विहीणबाईंनी घ्यायला हात पुढं केले.

"ऱ्हाऊ द्या," सोनाबाई हसून म्हणाली, "लई जड हाय. मीच धरते."

पाणी तिच्या कोपरावरनं नव्या लुगड्यावर उतरत होतं. माझं तर टाळकंच फिरलं. वाटलं, उठावं आणि मानसिंगच्या कानाखाली एक द्यावी.

तो मात्र छाती फुगवून पाहुण्यांना सांगत होता, "बघा की! भावाची घागर हातातनं सोडवंना हिला."